हप्ता तेवढाच बसेल

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या आहेत. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी शाळेत आहे. गेल्या दहा वर्षांत दोघांचं मिळून उत्पन्न दुपटीच्या पुढे गेलं, शिल्लक मात्र होती तिथेच. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा पगार यांच्याहून कमी, तरी तिच्या गाठीला बऱ्यापैकी पैसा आहे, हे कळल्यापासून ताईंना चैन नाही. त्यांनी तीन महिने घरातला प्रत्येक खर्च वहीत लिहिला आणि निष्कर्ष काढला: बाहेरचं खाणं, ऑनलाइन खरेदी, ॲपच्या वर्गण्या, टॅक्सी, सवलतीत घेतलेले कपडे, हेच घर पोखरतंय. हे सगळं त्यांना बंद करायचं आहे. यजमानांना तो जाच वाटतो. हल्ली ते आपली पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर मागवतात. ताई विचारतात: ‘थेंबे थेंबे तळे साचे हे यांना कसं पटवून देऊ? आणि मुदत ठेवीत दरमहा भर घालायची आहे, ती किती घालू?’ सोबत वहीतली तीन महिन्यांची सरासरी जोडली आहे.

ताई,

तुमच्या वहीसाठी आधी शाबासकी. सलग तीन महिने हिशेब लिहिणं भल्याभल्यांना जमत नाही. पंधरा दिवस उत्साहाने होतं, मग एखादा दिवस राहतो आणि वही कपाटात जाते. तुम्ही टिकलात. पण ही मेहनत तुम्ही ज्या कामाला लावली आहे, तिथे मला जरा शंका आहे.

तुमचे खरे आकडे छापत नाही. तुमची ओळखही जपली जाईल आणि इतर वाचकांना स्वतःचे आकडे घालून बघता येतील, म्हणून दोघांच्या हातात येणाऱ्या महिन्याच्या रकमेचे १०० भाग करते. घराचा हप्ता ३१. गाडीचा हप्ता १३, तिचं इंधन आणि देखभाल ६. फोन, टीव्ही आणि सोफा या तिघांचे हप्ते मिळून ८. मुलीची शाळा आणि शिकवण्या १०. किराणा, बिलं, औषधं, विमा धरून १९. क्रेडिट कार्डाला भरलेली किमान रक्कम ४. आणि तुम्ही लाल पेनाने लिहिलेले, शेजारी उद्गारचिन्हं काढलेले सगळे खर्च मिळून ७. उरतात २.

लाल पेन ७ भागांवर चालला आहे. निळ्या पेनाने, विनातक्रार लिहिलेले हप्ते ५२ भागांचे आहेत. तुमच्या चार पानी पत्रात त्यांच्यावर तीन ओळी आहेत.

त्यातली एक ओळ इथे उतरवते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यात दिसतं. तुम्ही लिहिता: ‘गाडीचं कर्ज १४ महिन्यांत फिटतंय, तेव्हा आता जरा मोठी गाडी घ्यायचं चाललं आहे, हप्ता तेवढाच बसेल.’ आणि पुढच्याच ओळीपासून पुन्हा पार्सलांचा विषय. मोठ्या गाडीबद्दल तुमची कसलीच तक्रार नाही. यजमानांनी मागवलेल्या हेडफोनवर मात्र पाऊण पान आहे.

हप्ता तेवढाच बसेल, हे वाक्य कितीतरी घरांत बोललं जातं आणि बोलणाऱ्याला आपण काटकसरीने वागतोय असंच वाटत असतं. महिन्याचं गणित बिघडत नाही ना, मग झालं. पण त्या वाक्याचा अर्थ असा, की १४ महिन्यांनी तुमच्या घरात महिन्याला १३ भाग मोकळे होणार होते आणि ते मोकळे व्हायच्या आतच तुम्ही पुढच्या पाच वर्षांसाठी देऊन टाकले. दहा वर्षांत तुमचा पगार दुप्पट झाला तो असाच गेला असणार. प्रत्येक वाढीबरोबर एक नवा हप्ता, एक हप्ता संपला की त्याच्या जागेवर दुसरा. बाहेर खाल्लं तर पैसे त्या दिवशी जातात आणि विषय तिथे संपतो. पुढच्या महिन्यात खायचं की नाही हे पुन्हा ठरवता येतं. हप्त्याचं तसं नसतं. एकदा सही केली की पुढचे ६० महिने तुम्हाला कोणी विचारत नाही, पैसे आपोआप वळते होतात. म्हणूनच तो खर्च नजरेत भरत नाही. वहीतसुद्धा तो निळ्या पेनातच येतो.

याला बाजाराचीही साथ असते. मोठी वस्तू ऑनलाइन घेताना पडद्यावर काय दिसतं ते एकदा नीट बघा. महिन्याचा हप्ता ठळक, मोठ्या अक्षरांत. एकूण किंमत त्याखाली, फिकट रंगात. किती महिने, ते बारीक अक्षरांत. कार्डाचा क्रमांक आधीच साठवलेला, बोट टेकवलं की काम झालं. आपण ‘एवढी किंमत परवडेल का’ हा प्रश्न विचारायचा असतो, तिथे ‘महिन्याला एवढे जातील, चालेल का’ हा विचारतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘चालेल’ असंच येतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना रोख भरायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. तिकिटं तीच होती, फक्त पैसे हातातून जाताना दिसत नव्हते.

‘शून्य व्याज’ लिहिलेल्या हप्त्यांबद्दलही तुम्ही मध्येच विचारलं आहे. बऱ्याचदा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत हप्तेवाल्याला मिळत नाही किंवा प्रक्रिया शुल्क वेगळं लागतं, म्हणजे व्याज दुसऱ्या दाराने आत येतं. आणि ‘सरसकट १० टक्के’ असं सांगितलं तर जास्त सावध व्हा. वर्षभराच्या मासिक हप्त्यांत मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर धरलेलं असतं. घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने तो दर १८ टक्क्यांच्या आसपास पडतो.

आता कार्ड. इथे मला जरा स्पष्ट बोलावं लागेल. ‘किमान रक्कम आम्ही कधीच चुकवत नाही’ असं तुम्ही जवळजवळ अभिमानाने लिहिलंय. थकबाकी महिन्याच्या उत्पन्नाच्या ८० भागांएवढी आहे, सहलीची आणि जुन्या फर्निचरची. व्याज महिना ३ टक्के. म्हणजे महिन्याला २.४ भाग व्याज लागतं, तुम्ही ४ भरता, मुद्दल फक्त १.६ ने उतरतं. महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं आणि काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत कर्ज दुप्पट होतं. त्यात किमान रक्कम ही थकबाकीच्या टक्केवारीत असते, तुमच्या कार्डावर ५ टक्के. थकबाकी जशी उतरते तशी तीही उतरते. तेव्हा इथून पुढे तीन वर्षं कार्डावर काहीही न घेता तुम्ही इमानेइतबारे किमान रक्कम भरत राहिलात, तर भरलेले असतील १०३ भाग आणि तरीही ८० पैकी ३९ बाकी असतील. शिवाय थकबाकी असताना नवं काही घेतलं, तर बहुतेक कार्डांत त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. किमान रक्कम भरल्याने दंड टळतो आणि पत खराब होत नाही, एवढाच तिचा उपयोग. त्याला कर्ज फेडणं म्हणत नाहीत.

आणि त्याच घरात, त्याच वेळी, दीड महिन्याच्या उत्पन्नाएवढी मुदत ठेव आहे, जिला ‘हात लावायचा नाही असं ठरलंय’!

ताई, ती ठेव मोडा. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. ठेव वर्षभरात जेवढं देते तेवढं कार्ड दोन-तीन महिन्यांत घेऊन जातं. एका खिशात बचत आणि दुसऱ्या खिशात महागडं कर्ज, असं पुष्कळ घरांत असतं. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी या मनातल्या कप्प्यांवर बराच अभ्यास केला आहे. अर्थशास्त्रातल्या त्यांच्या कामासाठी त्यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. माणूस पैशाला नावं देतो: हा ठेवीचा, हा बोनसचा, हा पगाराचा. आणि मग नावाप्रमाणे वागतो. पगारातून काटकसर करणारा माणूस बोनस आठ दिवसांत उडवतो तो याच कप्प्यांमुळे. तुमच्या ठेवीलाही ‘संकटासाठी’ असं नाव आहे. पण ३ टक्के महिन्याचं कर्ज हे संकट नाही तर काय आहे?

एक रास्त शंका उरते. ठेव मोडून ८० भाग भरले तर हाताशी जेमतेम ७० भाग राहतील, महिनाभराचा खर्चही त्यात भागणार नाही. उद्या नोकरीचं काही झालं, कोणी आजारी पडलं तर? धोका आहे, नाही असं नाही. म्हणून पुढचे काही महिने जे वाचेल ते आधी याच ७० मध्ये घाला. तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी गंगाजळी होईपर्यंत दुसऱ्या कुठल्या गुंतवणुकीचं नाव नको. कार्ड रिकामं झालेलं असल्याने अगदी गळ्याशी आलं तर तेही हाताशी आहे, मात्र तेवढ्यासाठीच.

याच रांगेत तुमचा दुसरा प्रश्न येतो, ठेवीत दरमहा किती भर घालू? आज काही नको. कार्ड फिटल्याबरोबर त्याचे ४ भाग मोकळे होतात. आधीचे उरणारे २ आहेत. फोन-टीव्ही-सोफ्याचे हप्ते तुमच्या लिहिण्याप्रमाणे पुढच्या सात-आठ महिन्यांत एकामागून एक संपतात, ते ८. एकाही खर्चावर लाल पेन न मारता १४ भाग झाले. अट एकच: त्या तिघांच्या जागी चौथा येता कामा नये. फोन चालतोय तोवर चालवा. बदलायचाच असेल तर त्या हप्त्याएवढी रक्कम आधी सहा-आठ महिने बाजूला टाका आणि एकदम पैसे देऊन घ्या. बघा, तितक्या महिन्यांत फोन बदलायची हौस अर्ध्या वेळा आपोआप मावळते.

गाडीकडे परत येते. मोठी गाडी घेऊच नका असं मी म्हणणार नाही. ती गरज तुमची आणि निर्णयही तुमचा. घरात माणसं वाढली असतील, यजमानांना रोज लांबचा प्रवास असेल, तर कारण आहे. पण ‘हप्ता तेवढाच बसतो’ हे कारण नव्हे. दोन्ही रस्ते शेजारी शेजारी मांडून बघा. आत्ताची गाडी कर्ज फिटल्यावर आणखी पाच वर्षं वापरली, तिच्या वाढत्या दुरुस्तीसाठी १३ पैकी ३ भाग राखून ठेवले आणि १० भाग दरमहा वर्षाला ८ टक्के मिळतील अशा ठिकाणी टाकले, तर पाच वर्षांनी ७३५ भाग होतात. म्हणजे दोघांचं मिळून सात महिन्यांहून जास्त उत्पन्न. दुसऱ्या रस्त्यावर पाच वर्षांनी तुमच्याकडे पाच वर्षं जुनी मोठी गाडी असेल, किंमत बरीच उतरलेली, आणि तिचा हप्ता संपत आला म्हणून पुढच्या गाडीचा विषय निघालेला असेल. शिवाय मोठ्या गाडीचा विमा मोठा, टायर मोठे, इंधन जास्त. हप्ता तेवढाच बसला तरी ते ६ भाग ६ राहत नाहीत.

आणि तेच १० भाग पुढेही चालू ठेवले, २० वर्षं, तर त्याच दराने ५,८९० भाग होतात, जवळपास ५९ महिन्यांचं उत्पन्न. यात तुम्ही स्वतः घातलेले २,४०० असतात, बाकीचं वेळेचं काम. हा आकडा बघून लगेच हुरळून मात्र जाऊ नका. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर २० वर्षांनंतरचे ते ५९ महिने आजच्या भावात साधारण २२ महिन्यांएवढेच भरतात. असले गुंतवणुकीचे तक्ते दाखवणारे हा भाग बहुधा गाळतात. त्यावर उपाय एकच, पगार वाढेल तशी बाजूला टाकायची रक्कमही वाढवत नेणं.

ते मनाच्या निर्धारावर सोडू नका. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्यातल्या कर्मचाऱ्यांपुढे एक योजना ठेवली. ‘आत्ता बचत वाढवा’ म्हटल्यावर जे तयार नव्हते, त्यांना विचारलं, की पुढची पगारवाढ मिळेल तेव्हा त्यातला काही भाग आपोआप बचतीत गेला तर चालेल का? बहुतेकांनी हो म्हटलं, कारण आजच्या पगाराला धक्का लागत नव्हता. ४० महिन्यांत त्या मंडळींची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. कोणी खर्चाची वही लिहिली नाही, कोणाशी भांडण झालं नाही. तुम्ही दोघांनी आजच ठरवा: पुढच्या प्रत्येक वाढीतला निम्मा भाग पगार जमा होतो त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जाईल. उरलेला निम्मा बिनधास्त वापरा. वाढ झाल्यावर ठरवू म्हणाल तर तोपर्यंत ती कुठेतरी लागलेली असते.

घराच्या ३१ भागांना मी हात लावत नाही. ते घर तुमचं होतंय, त्यामुळे ‘दहा वर्षांत काहीच जमलं नाही’ हे तुमचं म्हणणं पूर्ण खरं नाही. फक्त ते हळू जमतं. ९ टक्के दराच्या २० वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातले ८३ टक्के व्याजातच जातात, आणि निम्मी मुदत संपली तरी ७१ टक्के मुद्दल बाकी असतं. कधी बोनस आला आणि कार्ड, गंगाजळी दोन्ही मार्गी लागलेली असली, तर त्यातला काही भाग मुद्दलात भरा. सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्याचा फायदा सगळ्यात जास्त.

आता त्या लाल ७ भागांविषयी. थेंबे थेंबे तळे साचतं, म्हण खोटी नाही. निम्मे वाचवलेत तर महिन्याला साडेतीन, वर्षाला ४२ भाग, अर्ध्या महिन्याच्या उत्पन्नाच्या जवळ. ही काही टाकून देण्याची रक्कम नव्हे. पण त्यासाठी तुम्ही काय मोजताय तेही बघा. तुम्ही घरातल्या तपासनीस झालात आणि यजमान पार्सल लपवायला शिकले. लपवाछपवीची सवय लागली की ती हेडफोनपुरती राहत नाही, एखादं कर्जही पुढे लपवलं जाऊ शकतं. ते तुम्हाला परवडणार नाही.

म्हणून ७ मधले ३ भाग त्यांचे, ३ तुमचे, विनाहिशेब. प्रत्येकाच्या वेगळ्या खात्यात महिन्याच्या सुरुवातीला जमा करायचे. कशावर गेले हे विचारायचं नाही, वहीत लिहायचं नाही, संपले तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं. पार्सल पुन्हा घरी यायला लागेल. आणि तुमच्याही वाट्याला ३ भाग आहेत, हे लक्षात ठेवा. तुमच्या लाल यादीत स्वतःवरचा खर्च शोधून सापडत नाही. काटकसर एकाच माणसाने करायची आणि दुसऱ्याने ऐकून घ्यायची, असं ज्या घरात असतं तिथे ती वर्षभरही टिकत नाही.

उरलेला १ भाग वर्गण्यांचा. तीन ॲपच्या वर्गण्या तुम्हीच ‘बघत नाही’ म्हणून लिहिल्यात. त्या आज संध्याकाळी बंद करा, त्यावर चर्चा नको. सवलतीच्या कपड्यांबद्दल एवढंच: सवलतीत जे वाचले म्हणतात ते पैसे कुठल्या खात्यात जमा होतात, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

मैत्रिणीचं मनातून काढून टाका. तिच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे का, माहेर-सासरकडून काही मिळालंय का, तिच्यावर कोण अवलंबून आहे, यातलं काहीच तुम्हाला ठाऊक नाही. फार तर एकच गोष्ट तिला विचारण्यासारखी आहे: तिची गाडी किती वर्षांची?

तुमच्यासारखीच पत्रं आणखी काही जणांनी पाठवली आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. ज्यांचं उत्पन्न महिन्यागणिक कमी-जास्त होतं, त्यांनी गेल्या वर्षातला सगळ्यात कमी कमाईचा महिना पाया धरावा, कायमचे खर्च तेवढ्यातच बसवावेत आणि वरचं आलेलं वेगळ्या खात्यात टाकून कोरड्या महिन्यांत तिथूनच स्वतःला पगार द्यावा. चांगल्या महिन्याच्या जोरावर हप्ता घेणं त्यांच्यासाठी सगळ्यात घातक. आणि ज्यांचे १०० पैकी ९० भाग भाडं, किराणा आणि औषधांतच संपतात, त्यांना खर्चाच्या सवयींवर प्रवचन देण्यात काही अर्थ नाही. त्यांची अडचण कमाईची आहे. त्यांनी वही लिहिण्यात घालवलेला वेळ नवं काम शिकण्यात, पगारवाढ मागण्यात किंवा महागडं कर्ज स्वस्त दरात बदलून घेण्यात घालवला तर जास्त पदरात पडेल.

यजमानांना कसं पटवायचं, हा तुमचा मूळ प्रश्न. पटवायला जाऊ नका, वही दाखवा. पण लाल पानं काढून. एका कागदावर फक्त हप्ते लिहा: कशाचा, किती भाग, कोणत्या महिन्यात संपतो. शेजारी कार्डाचं ताजं स्टेटमेंट ठेवा. बोलायची सुरुवात ‘तू किती उडवतोस’ अशी नको, ‘हे सगळं आपण दोघांनी मिळून घेतलंय’ इथून करा, कारण सोफा तुमच्या पसंतीचा आहे असं तुम्हीच लिहिलंय. ठेव मोडायचा निर्णय त्याच बसणीत घ्या. गाडीचा लगेच घ्यायची गरज नाही, तुमच्याकडे १४ महिने आहेत. तोवर एवढंच करा: कर्जाच्या कागदांत शेवटच्या हप्त्याची तारीख बघून ठेवा आणि त्याच्या पुढच्या महिन्यापासून १० भाग आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेत आधीच देऊन ठेवा. मोठी गाडी घ्यायचीच ठरली, तर ती सूचना दोघांनी मिळून, सही करून रद्द करायची.